काकासाहेबांचा आरसा : ‘शारदा’ ते ‘कुंकू’

वाचकहो, मराठी चित्रपटाचा इतिहास आपण बहुधा दिग्दर्शकांच्या आणि नटनट्यांच्या नावांनी सांगतो. पटकथा लिहिणारा त्यात मागे राहतो आणि मराठी साहित्याच्या इतिहासात तर त्याला जवळपास स्थानच मिळत नाही. पात्राच्या मनातले वस्तूंमधून दाखवण्याची कला ही केवळ कॅमेऱ्याची करामत समजली जाते. ती मुळात लेखनाची कला आहे. १९३७ साली आलेला प्रभातचा ‘कुंकू’ पाहिला की हे स्पष्ट होते.

‘कुंकू’चा विषय नवा नव्हता. पैसा, फसवणूक आणि म्हाताऱ्याशी तरुण मुलीचे लग्न हा विषय गोविंद बल्लाळ देवलांनी ‘संगीत शारदा’मध्ये आधीच मांडला होता. त्या नाटकाचा पहिला प्रयोग १८९९ साली इंदुरात झाला. तेथे भुजंगनाथ कसा आहे हे आपल्याला कानांनी कळते. शारदेच्या मैत्रिणी गाण्यातून नवरदेवाच्या वयाची थट्टा करतात, कोदंड खडे बोल सुनावतो आणि प्रेक्षक हसतो. रंगभूमीचे ते बलस्थानच होते. पण त्यामुळे भुजंगनाथाचा निवाडा नेहमी दुसऱ्याच्या तोंडून होतो. स्वतःविषयी त्याला काही उमगावे अशी त्या नाटकाची गरज नव्हती.

‘कुंकू’ येईपर्यंत मध्ये अडतीस वर्षे गेली होती. १९२९ साली बालविवाह प्रतिबंधक कायदा झाला. त्याने मुलीसाठी चौदा आणि मुलासाठी अठरा वर्षांची मर्यादा घातली, मात्र नवराबायकोच्या वयांत किती अंतर असावे याविषयी तो काही बोलला नाही. जाणत्या वयाची मुलगी आणि उतारवयाचा विधुर यांचे लग्न कायद्याच्या कक्षेत येत नव्हते. म्हणून प्रश्न उरला तो त्या पुरुषाच्या विवेकाचा, आणि विवेक पडद्यावर दाखवायचा कसा, हा पटकथेपुढचा पेच होता.

तो सोडवणारे लेखक नारायण हरी आपटे. चित्रपट त्यांना अनोळखी नव्हता. १९२५ साली कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने काढलेला, बाबुराव पेंटरांचा ‘सावकारी पाश’ त्यांच्याच कथेवर होता. त्यातल्या तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम होते. त्या मूकपटातील अंधारात बुडालेली झोपडी आणि भेसूर रडणारा कुत्रा हे दृश्य जुन्या प्रेक्षकांनी वर्षानुवर्षे आठवणीत ठेवले. मूकपटात रडणे ऐकू येत नाही, ते पाहावे लागते. कर्जात बुडालेल्या घराची अवकळा सांगायला तिथे एकही शब्द नव्हता. शब्दांवर जगणाऱ्या कादंबरीकाराला असे दृश्य बरेच काही शिकवून जाणारे होते.

बारा वर्षांनी ‘कुंकू’ आला तो आपट्यांच्याच ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून, आणि दिग्दर्शक होते शांताराम. दोन्ही नावे शेजारी ठेवून पाहा. कादंबरीचे नाव हे एक मत आहे, तर चित्रपटाचे नाव ही एक वस्तू आहे. कपाळावरचे कुंकू पाहून समाज बाईची ओळख ठरवतो. नीराच्या कपाळी ते आहे, पण फसवून लावलेले हे लग्न तिच्या मनाने मान्य केलेले नाही. चित्रपटभर आपल्याला हे दोन्ही एकाच चेहऱ्यावर दिसत राहते. हिंदी आवृत्तीचे नाव मात्र ‘दुनिया ना माने’ असे पडले, म्हणजे वस्तू जाऊन पुन्हा मत आले.

आता काकासाहेबांकडे वळू. पेशाने ते वकील, म्हणजे बोलण्यात कोणाला हार न जाणारे. अशा माणसाला वादात हरवून काही साधत नाही, कारण प्रत्येक मुद्द्याला त्याच्याकडे उत्तर असते. म्हणून पटकथा त्याच्याशी वाद घालत नाही. ती त्याला त्याच्याच घरातल्या वस्तूंसमोर उभे करते. जुने लंबकाचे घड्याळ त्याच्या वयाची आठवण देत राहते. चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही, प्रसंगातले नैसर्गिक आवाजच आहेत. त्यामुळे घरातला लहानसा आवाजही अर्थ घेऊन येतो. पुढे फुटक्या आरशाच्या तुकड्यांतून त्याचेच अनेक चेहरे त्याला हसतात.

‘शारदा’त म्हाताऱ्याला हसणारे लोक होते, इथे हसणारा तो स्वतःच आहे. दृश्य-रूपकाचे खरे काम मला इथे दिसते. निवाडा इतरांच्या तोंडून काढून ते पात्राच्या डोळ्यांपुढे ठेवते. त्यामुळेच काकासाहेब खलनायक किंवा विदूषक न राहता शोकात्म होतात. आपली चूक ओळखून ते नीराला मोकळीक देतात आणि शेवटी तिने पुन्हा लग्न करावे असे पत्र लिहून जीव देतात. तो शेवट आपल्याला पटतो, कारण हा माणूस स्वतःला पाहू लागला आहे हे आपण आधी आरशात पाहिलेले असते. केशवराव दात्यांसारखा रंगभूमीवर मुरलेला नट इथे कमी बोलून जास्त सांगू शकला, त्यामागे या मांडणीचाही हात आहे.

वाचकहो, एक भेद ध्यानात ठेवण्याजोगा आहे. मरणाच्या वेळी विझणारा दिवा किंवा विरहात गळून पडणारे फूल कोणत्याही कथेत चालते, आणि म्हणूनच ते कोणाविषयीच काही सांगत नाही. काकासाहेबांचा आरसा तसा नाही. तरुण बायको करून आपण तरुण होऊ असे मानणाऱ्या माणसाच्या घरात आरसा असणारच, आणि तो त्यालाच टोचणार. वस्तू पात्राच्या रोजच्या जगण्यातली असेल आणि तिच्याशी पात्राचे काही देणेघेणे असेल, तरच ती त्याचा स्वभाव उघड करते.

हे पडद्यावर आणण्यात दिग्दर्शक, छायाचित्रकार आणि कलादिग्दर्शक यांचा वाटा मोठा आहे. मात्र कोणत्या माणसासमोर कोणती वस्तू कधी यावी, हा निर्णय कथेचा असतो. देवलांचे नाटक आपण साहित्य म्हणून अभ्यासतो आणि आपट्यांची कादंबरी ग्रंथालयात ठेवतो. त्या दोन्हींच्या पुढचे पाऊल टाकणारी ‘कुंकू’ची पटकथा मात्र साहित्याच्या इतिहासाबाहेर राहते. ‘शारदा’शेजारी ठेवून ती वाचली, तर म्हाताऱ्या नवऱ्याकडे पाहण्याची मराठी लेखकाची दृष्टी चार दशकांत थट्टेकडून करुणेकडे कशी गेली, हे आपल्याला कळेल.