मेण खाणारे पाखरू

पोर्तुगीज पाद्री म्हटले की आपल्याला गोव्यातली बाटवाबाटवीच आठवते. त्यांच्यातला एखादा पाखरांकडे टक लावून बसत असेल, असे इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात कधी आले नाही. म्हणून आज इथे लिहितो.

जोआंव दुश सांतुश हा डॉमिनिकन पाद्री आजच्या मोझांबिकमधल्या सोफाला येथे होता. १५८८ च्या सुमारास त्याच्या ध्यानात आले की एक लहानसे पाखरू भिंतीच्या फटीतून चर्चमध्ये शिरते आणि वेदीवरच्या मेणबत्त्या खाते. दुसऱ्या कोणी हुसकून दिले असते! याने चौकशी केली. हेच पाखरू रानात ओरडत, झाडावरून झाडावर उडत माणसाला मधाच्या पोळ्यापाशी नेते, हेही त्याने लिहून ठेवले. १६०९ साली त्याचा ग्रंथ एव्होरा येथे छापला गेला. पुढे १६२२ मध्ये तो गोव्यात वारला.

या पाखराचे शास्त्रीय नावच मुळी 'इंडिकेटर इंडिकेटर'. मोझांबिकच्या उत्तरेला नियासा भागात मिओंबोची राने आहेत. पावसाआधी तिथली पालवी आपल्या कुसुंबासारखी तांबडी फुटते. मधमाश्या ढोलीत राहतात. ढोली कुठे ते पाखराला ठाऊक, कुऱ्हाड आणि धूर माणसाकडे. मध माणसाचा, मेण पाखराचे. इतका चोख हिशेब मी तरी भाऊबंदांत पाहिलेला नाही!

तिथले याव लोक 'ब्रर्रर्र-हम्' अशी हाक देतात. २०१६ साली क्लेअर स्पॉटिसवुड आणि सहकाऱ्यांनी ती तपासली. इतर आवाजांनी पोळे सापडण्याची शक्यता १७ टक्के, या हाकेने ५४. त्याआधी १९८९ मध्ये केनियाचे हुसेन इसाक आणि हाइन्झ-उलरिख रेयर यांनी दाखवले होते, की बोरान लोकांना एक पोळे शोधायला सरासरी ८.९ तास लागतात, पाखरू सोबत असले तर ३.२.

पाखरू स्वतः मात्र साळसूद नव्हे. कोकिळेसारखी परक्या घरट्यात अंडी घालते, आणि त्याचे पिल्लू चोचीच्या आकड्याने घरमालकाची पिल्ले मारते. म्हणजे माणसाला वाट दाखवायला आईबाप शिकवत नाहीत. याव मात्र ती हाक वडिलांकडूनच शिकतात. टांझानियातल्या हाड्झांची शीळ निराळी, आणि तिथली पाखरे त्या शिळेलाच अधिक दाद देतात, असे २०२३ मध्ये दिसून आले.

आता दुकानात साखर मिळते, पेट्यांतून मध मिळतो. आफ्रिकेत बऱ्याच ठिकाणी पाखरामागे जाणारे उरले नाहीत. नियासात अजून जातात.