जागल्या आणि भोंगा

सध्या आमच्या घरात एक प्रस्ताव विचाराधीन आहे. पुण्याचे चिरंजीव म्हणतात, "बाबा, घराला अलार्म बसवून घ्या." नुसता वाजणारा भोंगा नव्हे. ह्या यंत्राची तार (आता तारही नाही म्हणा, सगळं हवेतूनच!) थेट कंपनीच्या ऑफिसाशी जोडलेली असते. तिथे चोवीस तास माणसं बसलेली असतात. दार कुणी जबरदस्तीनं उघडलं की त्यांना खबर जाते. मग ते आपल्याला फोन करतात, आपण उचलला नाही तर ठरवून दिलेल्या दुसऱ्या माणसाला, नाहीतर पोलिसांना. ह्यासाठी दरमहा किंवा दरवर्षी पैसे भरायचे. सौ.चं मत अनुकूल आहे. माझं अजून बनायचं आहे. जन्मभर इतिहास शिकवल्यामुळे कुठलीही नवी वस्तू दिसली की तिचे आजोबा-पणजोबा कोण, हे पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. तेव्हा मंडळी, आज थोडी वंशावळ.

अमेरिकेत ऑगस्टस पोप नावाच्या गृहस्थांनी १८५३ साली विजेवर चालणाऱ्या चोरघंटेचं पेटंट घेतलं. दार किंवा खिडकी उघडली की सर्किट पुरं व्हायचं आणि घंटा वाजायची. १८५७ मध्ये एडविन होम्स यांनी ते हक्क विकत घेतले आणि आधी बॉस्टन, मग न्यूयॉर्क इथे धंदा मांडला. पुढे घरोघरच्या तारा एका मध्यवर्ती ऑफिसात आणल्या गेल्या. म्हणजे चिरंजीव ज्याला 'लेटेस्ट' म्हणतात ती कल्पना दीडशे वर्षांची म्हातारी आहे!

पण आपल्याकडची व्यवस्था त्याहून कितीतरी जुनी. गावगाड्यात रात्रीचा पहारा ठरलेला असे. कुठे रामोशी, कुठे महार, कुठे बेरड, कुठे कोळी किंवा भिल्ल. काम एकच, जागल्याचं. रात्री गस्त घालायची, गावात कोण आलं कोण गेलं हे ध्यानात ठेवायचं, परक्या माणसावर नजर ठेवायची. त्याबद्दल गावानं धान्य, हक्क, कुठे इनाम जमीन द्यायची. वर्षाची वर्गणीच म्हणा ना!

पेशवाई बुडाल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टननं १८१९ साली नव्या मुलखाचा जो अहवाल लिहिला, त्यात ह्या पहारेकऱ्याच्या कामाचं वर्णन आहे. चोरी झाली की नुसतं "चोर, चोर" ओरडून त्याची सुटका नसे. त्यानं माग काढायचा. चोराच्या पावलाचं माप, वहाणेला खिळे किती ह्यासकट, काठीवर घ्यायचं आणि माग शेजारच्या गावच्या शिवेपर्यंत न्यायचा. तिथल्या जागल्याच्या हाती ते माप द्यायचं की पुढची जबाबदारी त्या गावाची. माग गावातच हरवला तर नुकसान जागल्यानं आणि गावानं भरून द्यायचं. भरपाई पुरी मिळायचीच असं नाही, पण नियम तसा होता. खबर देणारा, शोधणारा आणि उत्तर देणारा माणूस एकच होता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आता कुणी म्हणेल, मास्तर जुन्याचे गोडवे गायला लागले. तसं नाही हो. त्या व्यवस्थेत अन्यायही भरपूर होता. हे काम जातीनं गळ्यात बांधलेलं होतं. ज्यानं गाव राखायचं त्याचं घर मात्र गावाबाहेर, आणि चोरी झाली की पहिला संशयही त्याच्यावरच! १८१८ नंतर इंग्रजांनी पुरंदर भागातल्या रामोशांचे जुने हक्क काढून घेतले. त्यातूनच उमाजी नाईकांचं बंड उभं राहिलं. मध्ये काही काळ सरकारनंच त्यांना माफी देऊन बंदोबस्ताच्या कामाला लावलं होतं. पण ते पुन्हा बंडात उतरले, आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात त्यांना फाशी दिलं गेलं. १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा आला. तो पुढे आपल्या इलाख्यातही लागू झाला, आणि पिढ्यान् पिढ्या पहारा केलेल्या जमातींच्या कपाळावर जन्मतः चोरीचा शिक्का बसला. तो कायदा जायला १९५२ साल उजाडलं. महार वतनाच्या जोखडाविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्येच मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक मांडलं होतं. ही कनिष्ठ गाववतनं अखेर १९५८ च्या कायद्यानं रद्द झाली. बरं झालं. तो जागल्या परत यावा असं कुणाही विचारी माणसाला वाटणार नाही.

पण वतन गेलं तेव्हा त्यातली एक चांगली गोष्टही गेली. ती म्हणजे 'खरं काय ते जाऊन पाहणारा माणूस'. नव्या यंत्राचा सगळ्यात मोठा दोष मला इथेच दिसतो. ते खबर देतं, खातरजमा करत नाही. अमेरिकेत पोलिसांकडे येणाऱ्या अशा खबरींपैकी शंभरात नव्वदाहून अधिक खोट्या निघतात. मांजर, वारा, नाहीतर घरचाच माणूस आकडा विसरलेला. शेवटी सॉल्ट लेक सिटी शहरानं २००० साली नियम केला की आधी खाजगी रखवालदारानं जाऊन पाहावं, मगच पोलीस येतील.

तिकडे खोट्या खबरीनं पोलिसांचा वेळ जातो, फार तर दंड होतो. आपल्याकडे काय होतं? १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरून पसरलेली असताना, जमावानं पाच जणांना ठेचून मारलं. ती माणसं मंगळवेढ्याकडची, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षेकरी. १६ एप्रिल २०२० ला पालघरच्या गडचिंचले गावात अशाच अफवेच्या दिवसांत दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर मारला गेला. भोंगा जोरात वाजला, सगळं गाव धावलं, पण काठीवर माप घेऊन माग काढणारा कुणी नव्हता. आणि बळी कुणाचा गेला? राईनपाड्यात तर पुन्हा भटक्या माणसांचाच. हे वाचलं की माझ्या अंगावर काटा येतो.

म्हणून आज अनेक गावांत चालणाऱ्या 'ग्राम सुरक्षा यंत्रणे'बद्दल मला कौतुकही आहे आणि थोडी धास्तीही. एका नंबरावर फोन करून आपण बोललो की तोच आवाज गावातल्या नोंदलेल्या सगळ्या मोबाइलवर एकदम जातो. आग लागली, पूर आला, तर सोन्यासारखी सोय! पण "चोर आलेत" एवढंच सांगितलं तर धावणाऱ्यांनी काय करायचं, हे आधी शिकवायला हवं. पकडा, बसवून ठेवा, पोलिसांना कळवा. हात उगारू नका.

आता आमच्या घरापुरतं. कुरुंदवाडात सर्वांत जास्त दिवस घर बंद राहतं ते पुरात. २००५, २०१९, २०२१, तिन्ही वेळा पंचगंगेनं आम्हाला उठवलं. 'मागं घराचं काय होईल' ह्या काळजीनं पाणी उंबऱ्याला लागेपर्यंत न हलणारी माणसं दर पुरात असतात, आणि त्यात जीव जाऊ शकतो. नेमक्या त्या वेळी वीज बंद, मोबाइलला रेंज नाही. बॅटरी काही तास टिकेल, पूर आठवडाभर राहतो. तेव्हा यंत्र मुकं, आणि ऑफिसातला माणूस शेकडो मैलांवर. शिवाय अशा करारांत नुकसानीची जबाबदारी कंपनी सहसा फारशी घेत नाही. बारीक अक्षरात तेच लिहिलेलं असतं.

तर चिरंजीवांना मी चार प्रश्न पाठवले आहेत. भोंगा वाजल्यावर प्रत्यक्ष कोण येणार? किती वेळात? खोटा वाजला तर कुणाला त्रास? आणि चोरी झालीच तर उत्तर कोण देणार? पहिल्या प्रश्नाचं उत्तर आमच्या गल्लीतच आहे. समोरचे आणि मागच्या दारचे शेजारी, दोघांनीही होकार दिला आहे. यंत्र घेतलंच तर त्याचा पहिला फोन त्यांना जाईल, आणि त्यांच्या घराचा मला. दिवा लावून आधी पाहायचं, मगच पोलिसांना कळवायचं.

घरातला कॅमेरा मात्र नको. म्हातारा-म्हातारी दुपारी किती वाजता झोपतात हे पुण्याला दिसायचं काही कारण नाही! त्यापेक्षा रोज रात्री एक फोन करावा, तेवढा पहारा आम्हाला पुरे आहे.