उपवास, वजन आणि रोजा : सहा दशकांचा इतिहास

रमजान जवळ आला की व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर हमखास फिरू लागतो. रोजाचे फायदे सिद्ध केले म्हणून जपानी शास्त्रज्ञाला नोबेल मिळाले. रोजाने वजन उतरते, साखर ताब्यात येते. मी डॉक्टर नाही, उर्दू-मराठीचा शिक्षक आहे. पण वर्गातली मुले ‘सर, हे खरं आहे का?’ असे विचारतात, तेव्हा नीट उत्तर देणे माझे काम ठरते.

ते शास्त्रज्ञ म्हणजे योशिनोरी ओसुमी. त्यांना २०१६ चे नोबेल मिळाले, हे खरे. मात्र त्यांचे काम यीस्टवर, म्हणजे खमिरावर होते. उपाशी ठेवलेली पेशी स्वतःचेच भाग मोडून पुन्हा कशी वापरते, हे त्यांनी शोधले. नोबेल मिळाले ते या कामासाठी. त्यात रोजा नव्हता आणि माणसाचे वजनही नव्हते.

उपवासाने लठ्ठपणा घालवण्याचे प्रयोग त्याआधीचे आहेत. १९६५ साली स्कॉटलंडमधील डंडी शहरात अँगस बार्बिएरी हा २७ वर्षांचा तरुण डॉक्टरांच्या देखरेखीखाली उपवासाला बसला. त्याचे वजन सुमारे २०७ किलो होते. तो ३८२ दिवस जेवला नाही. पाणी, चहा-कॉफी, जीवनसत्त्वे आणि क्षार एवढ्यावर राहिला आणि ८२ किलोंवर आला. पाच वर्षांनंतरही त्याचे वजन ८९ किलोंच्या आसपासच होते. हा किस्सा आज कौतुकाने सांगितला जातो. मात्र त्याच काळात अशा दीर्घ उपवासात काही रुग्ण दगावले, हे कोणी सांगत नाही. म्हणूनच ही पद्धत मागे पडली.

मग प्रश्न बदलला. किती दिवस उपाशी राहायचे याऐवजी दिवसातले किती तास खायचे, याकडे संशोधकांचे लक्ष गेले. २०१२ मध्ये अमेरिकेतील सॉल्क संस्थेत सच्चिदानंद पांडा यांच्या गटाने उंदरांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. तेच चरबीयुक्त खाद्य, पण फक्त आठ तासांत दिलेले उंदीर कमी लठ्ठ झाले. पुढे ‘इंटरमिटंट फास्टिंग’ जगभर गाजले. आपल्याकडेही डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या ‘दिवसातून दोनदाच जेवा’ या सल्ल्याने अनेक घरांतली जेवणाची वेळापत्रके बदलली.

माणसांवरचा निकाल मात्र सावध आहे. चीनमधील ग्वांगझू येथे १३९ लठ्ठ व्यक्तींवर वर्षभर प्रयोग झाला. सगळ्यांना सारखेच कमी उष्मांक ठरवून दिले. निम्म्यांनी ते सकाळी आठ ते दुपारी चार यातच खायचे होते. २०२२ मध्ये निकाल आला. वेळ पाळणाऱ्यांचे वजन सरासरी आठ किलोंनी घटले, इतरांचे ६.३ किलोंनी. संख्याशास्त्राच्या दृष्टीने हा फरक ठोस नव्हता. रक्तदाब आणि साखरेतही मोठा फरक दिसला नाही. म्हणजे मुख्य काम कमी खाण्याने केले, घड्याळाने नव्हे.

आता आपल्या रोजाकडे पाहू. ग्वांगझूतली माणसे दिवसा खात होती, आपण रात्री खातो. इंटरमिटंट फास्टिंगमध्ये पाणी चालते, रोजात घोटभरही नाही. शिवाय इफ्तारला भजी, समोसे आणि सरबताचे दोन-दोन ग्लास झाले, तर दिवसभराची बचत तासाभरात संपते. दोन्ही गोष्टी एकच मानणे चूक आहे.

ही चूक काहींच्या जिवावर बेतू शकते. १३ देशांतील बारा हजारांहून अधिक मधुमेहींचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. टाइप-२ रुग्णांत साखर एकदम उतरून दवाखान्यात दाखल व्हावे लागण्याचे प्रमाण एरवी कमी असते. रमजानमध्ये ते साडेसात पट झाले होते. गोळ्या किंवा इन्सुलिन घेणारी आपली खाला, आपले अब्बा ‘रोजाने शुगर बरी होते’ असे वाचून डॉक्टरांना न विचारता डोस चुकवतात. हा धोका त्यांना आहे, मजकूर पुढे ढकलणाऱ्याला नाही.

कुरआनने सूरह बकरहमध्ये आजारी माणसाला आणि प्रवाशाला स्पष्ट सवलत दिली आहे, आणि रोजाचा हेतू तकवा सांगितला आहे. वजनकाट्याचा तिथे उल्लेख नाही. रोजा इबादत आहे, त्याला नोबेलच्या शिफारशीची गरज नाही. रमजानच्या महिना-दीड महिना आधी घरातल्या मधुमेही माणसाला डॉक्टरांकडे नेऊन आणा. तो मजकूर पुढे पाठवण्यापेक्षा ते जास्त उपयोगाचे आहे.