सकाळी सरकलेली रात्र

जागर हा शब्द आपल्याला नवा नाही. आमच्या घणसोलीसारख्या आगरी गावांत हरिनाम सप्ताह बसला की वीणा खाली ठेवायची नसते, म्हणून रात्रभर पाळीपाळीने पहारा चालतो. उत्तरेला, वसईच्या खाडीपलीकडे, आपल्याच मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती बांधवांचेही एक जागरण असते, ईस्टरच्या आदल्या रात्रीचे. त्याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

हे जागरण फार जुने. इ. स. २०० च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतील कार्थेजच्या टर्टुलियन या लेखकाने पत्नीला उद्देशून एक ग्रंथ लिहिला. त्यात तो विचारतो, की ख्रिस्ती नसलेला नवरा बायकोला ईस्टरची सबंध रात्र घराबाहेर राहू देईल काय? म्हणजे स्त्रियाही तेव्हा रात्रभर प्रार्थनेला बसत. नव्याने धर्मात येणाऱ्यांचा बाप्तिस्माही त्याच रात्री होई.

मध्ययुगात मात्र ही वेळ हळूहळू अलीकडे सरकत गेली. १५६६ मध्ये पोप पायस पाचवे यांनी दुपारनंतरच्या मिस्सेला मनाई केली आणि जागरण शनिवारी सकाळी येऊन बसले. वसईवर पोर्तुगीजांचा अंमल १५३४ ते १७३९. पुढे चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तरी हा समाज आपली शेती-वाडी आणि बोली सांभाळून इथेच राहिला. जागरण मात्र सकाळचेच. रात्रीचे गुणगान भर उजेडात, तेही लॅटिन भाषेत! कामाच्या वेळी येणार तरी कोण? चर्च जवळजवळ रिकामी असतात, ही खंत रोमच्या १९५५ च्या आज्ञापत्रातच नमूद आहे.

१९५१ मध्ये पोप पायस बारावे यांनी प्रयोग म्हणून जागरण पुन्हा रात्री करू दिले आणि १९५६ पासून तोच नियम झाला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी लोकभाषांना दार उघडले. त्यानंतर वसईत मिस्सा मराठीत रुजली.

आता अंधारात नवा अग्नी पेटतो, त्यावर मोठी मेणबत्ती, आणि तिच्यावरून प्रत्येकाच्या हातातली छोटी. सृष्टीच्या उत्पत्तीची कथा वाचली जाते, ती आजीला आणि नातवाला एकाच वेळी समजते.

जुने ते सगळेच परंपरा असते, असे आपण धरून चालतो. इथे तर सुमारे चारशे वर्षांची रूढी मोडली, तेव्हा कुठे त्याहून जुनी परंपरा लोकांच्या हाती परत आली. आपल्याही सणावारांत सोयीपोटी काय काय सरकले आहे, हे एकदा तपासून पाहायला हवे.