गाणे, गुपित आणि गनबोट

गड एका माणसाच्या हाती सोपवायचा नाही, हा शिवकालीन दंडक सभासदाच्या बखरीमुळे मराठीच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. हवालदार, सबनीस व सरनौबत अशा तिघांत गडाचा कारभार वाटलेला असे. एकाच्या फितुरीने गड जाऊ नये, हा त्यामागचा विचार. गुप्त आरमारी मोहिमेत अधिकाराप्रमाणे माहितीही वाटावी लागते. या दृष्टीने १९७१ च्या एका प्रकरणाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

त्या वर्षी प्लासीजवळ, भागीरथीच्या काठी, भारतीय नौदलाने बंगाली तरुणांना जहाजाच्या बुडाशी सुरुंग लावण्याचे शिक्षण दिले. कमांडर एम. एन. आर. सामंत हे या योजनेचे एक प्रमुख सूत्रधार. फ्रान्समधील तुलाँ बंदरात ‘मांग्रो’ ही पाकिस्तानी पाणबुडी सोडून आलेले आठ बंगाली नौसैनिकही या कार्यात होते. बाकीची मुले मुख्यतः निर्वासितांतली. त्यांची गावे शत्रूच्या ताब्यात. पूर्ववृत्ताची नेहमीची चौकशी करायची कोठे?

उत्तर असे निघाले की, ज्याला जेवढे लागते तेवढेच त्याला सांगावे. हल्ल्याची वेळ आकाशवाणीच्या कलकत्ता केंद्रावरील दोन गाण्यांत दडवली. पंकज मलिकांच्या आवाजातले पहिले गाणे म्हणजे सज्ज राहा. दुसरे म्हणजे हल्ला करा. खूण ठाऊक होती ती तुकडीच्या म्होरक्याला. इतर श्रोत्यांना ते केवळ गाणे होते. १५ ऑगस्टच्या मध्यरात्री चितगाव, मोंगला, चांदपूर व नारायणगंज येथे एकाच वेळी स्फोट झाले.

परंतु हेच प्रकरण १० डिसेंबरला वेगळे वळण घेते. खुलन्याजवळ ‘पद्मा’ आणि ‘पलाश’ या मुक्तिवाहिनीच्या गनबोटींवर भारतीय विमानांनीच, शत्रूच्या समजून, हल्ला केला. ‘पलाश’वरील रुहुल अमीन त्या दिवशी प्राणास मुकले, बांगलादेशाने त्यांना वीरश्रेष्ठ हा सर्वोच्च किताब दिला. सामंतांना महावीर चक्र मिळाले.

नावेवर कोणाला घ्यावे, हा गुप्ततेचा अर्धाच प्रश्न आहे. नावेवरचा माणूस आपला आहे, हे वरून पाहणाऱ्या आपल्याच माणसाला वेळेवर कळावे लागते. हा उरलेला अर्धा. सामंतांचे सहलेखन असलेले ‘ऑपरेशन एक्स’ २०१९ साली प्रसिद्ध झाले, म्हणजे ४८ वर्षांनी. कागदपत्रांतील मौनाला आपण अभ्यासक सहसा अभाव समजतो. कधी कधी ते पाळलेले वचन असते, असे आम्हांस वाटते.