सोमवारी भरणारी छाती

कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून देणारे म्हणून आपण नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव आदराने घेतो. १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा भरवून त्यांनी ही मागणी मांडली, आणि १० जून १८९० रोजी मालकांनी ती मान्य केली. या सुट्टीचा एक वेगळा उपयोग मला आज सांगायचा आहे. कामगारांच्या एका आजाराची ओळख तिच्यामुळेच पटते.

गिरणीत ज्या ब्लो रूममध्ये कापसाच्या गाठी फोडतात आणि ज्या कार्डिंग खात्यात तो पिंजतात, तिथे धूळ सर्वांत जास्त. तिच्यात पाला-बोंडांचा चुरा असतो, जंतूंपासून आलेली विषारी द्रव्ये असतात. वर्षानुवर्षे ही धूळ आत गेली, की काहींची छाती भरून येऊ लागते. सुरुवातीला फक्त सोमवारी. एक दिवस धुळीपासून दूर राहिलेली छाती पुन्हा धूळ लागताच आवळते आणि एकदोन दिवसांत मोकळी होते. पुढे दम रोजचाच होतो. शेवटी गिरणी सुटली तरी तो सुटत नाही. हा बिसिनोसिस.

क्ष-किरणांच्या चित्रात त्याची खास खूण दिसत नाही. त्यामुळे खोकणाऱ्या कामगाराच्या आजाराचे खापर क्षयावर किंवा विडीवर फोडणे सोपे असते. ब्रिटनमध्ये १९४० साली या रोगासाठी भरपाईचा कायदा झाला. पण त्याची नीट मोजदाद १९५० च्या दशकात डॉ. रिचर्ड शिलिंग यांनी लँकेशायरच्या गिरण्यांत केली. त्यांनी कामगारांनाच विचारले, छाती कोणत्या दिवशी भरते? त्या उत्तरांवरून रोगाच्या पायऱ्या ठरल्या. पुढे मुंबईच्या गिरण्यांतील तपासण्यांतही हा रोग आढळला.

१८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार होते. त्यानंतर एकेक गिरणी बंद पडली. गेलेल्या नोकऱ्यांचा आणि जमिनींचा हिशेब पुष्कळ लिहिला गेला, छातीचा मात्र फारसा नाही. गिरणीच राहिली नाही, तेव्हा सोमवारही राहिला नाही, आणि दम्याचे कारण सांगणारा साक्षीदारच गेला.

सूतगिरण्यांत कापसाची धूळ आजही उडते. इटलीच्या बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० साली वैद्यांना सांगून ठेवले होते, की रोग्याला त्याचा धंदा विचारा. तो प्रश्न आपल्या दवाखान्यांत रोज विचारला गेला पाहिजे.