उपनगरवासीयांनी दाद कोठे मागावी?

मुंबई उपनगर हा १९९० मध्ये स्वतंत्र महसुली जिल्हा झाला. परंतु राज्यातील अन्य जिल्ह्यांप्रमाणे त्याला स्वतःचे जिल्हा न्यायालय नाही. त्यामुळे ‘जवळचे न्यायालय कोणते’ यापेक्षा ‘आपला वाद कोणत्या स्वरूपाचा’ हे रहिवाशांनी आधी ठरविणे हिताचे.

फौजदारी प्रकरणे : वांद्रे, अंधेरी, बोरिवली, कुर्ला, विक्रोळी व मुलुंड येथे दंडाधिकारी न्यायालये आहेत. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने महानगर दंडाधिकारी हे पद रद्द केले. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व ५० हजार रुपयांपर्यंत दंड ठोठावता येतो. गुन्हा ज्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत घडला, त्यावरून सामान्यतः न्यायालय ठरते. खुनासारखे गंभीर खटले सत्र न्यायालयात चालतात. कौटुंबिक हिंसाचाराची तक्रार मात्र पीडित महिला तात्पुरती राहत असलेल्या ठिकाणीही करता येते.

धनादेश न वटल्यास : खात्यात भरलेला धनादेश परत आल्यास, ज्या शाखेत आपले खाते आहे तेथील दंडाधिकाऱ्याकडे तक्रार करावी. बँकेकडून माहिती मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, ती पोहोचल्यावर रक्कम देण्यास १५ दिवस आणि ते संपल्यावर एका महिन्यात तक्रार, असा हा क्रम आहे.

घरभाड्याचे वाद : मालक व भाडेकरू यांचे ताबा आणि भाड्याचे दावे, रक्कम कितीही असो, लघुवाद न्यायालयात जातात. त्याचे मुख्यालय धोबीतलाव येथे असून वांद्र्यात शाखा आहे. राहण्यासाठी दिलेल्या जागेचा ‘लिव्ह अँड लायसन्स’ करार संपूनही ती रिकामी न झाल्यास सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो.

अन्य दिवाणी दावे : जानेवारी २०२४ पासून १० कोटी रुपयांपर्यंतचे दावे नगर दिवाणी न्यायालयाकडे आहेत. मुख्य न्यायालय फोर्टमध्ये असून पश्चिम उपनगरांसाठी दिंडोशी येथेही न्यायालय आहे. घटस्फोट व मुलांच्या ताब्याचे अर्ज वांद्रे-कुर्ला संकुलातील कौटुंबिक न्यायालयात करावे लागतात.

अधिकारक्षेत्राबाहेर दाखल केलेला दावा योग्य न्यायालयात नेण्यासाठी परत केला जातो. वाया गेलेला काळ मुदतीतून वगळला जातो. पण दावा सद्‌भावनेने व तत्परतेने चालविला होता, हे दाखवावे लागते. म्हणूनच वकिलाची फी परवडत नसली, तरी सल्ला आधी घ्यावा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार महिलांना, उत्पन्न कितीही असले तरी, मोफत विधी साहाय्य मिळू शकते.